मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा विकार : निदान, उपचार आणि दक्षता

उतारवयात पोटदुखी, ताप व बद्धकोष्ठता ह्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी काहींना मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा, म्हणजेच डायव्हर्टिक्युलर विकार असल्याचे तपासणीत आढळते. हे नाव रुग्णाच्या कुटुंबीयांना बहुधा अपरिचित असते आणि अपरिचित नावाची भीती अधिक वाटते. ह्या विकाराचे स्वरूप व रुग्णालयातील उपचारांची दिशा आपल्या हितचिंतकांना समजावी, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. आतील आवरणास रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जेथे हा थर भेदून जातात, तेथे भिंत स्वभावतःच दुर्बळ असते. आतड्यातील दाब वाढला की ह्या दुर्बळ जागेतून आतील आवरण बाहेर फुगते. सायकलच्या जुन्या टायरला चीर पडावी आणि ट्यूबचा फुगा बाहेर यावा, तसाच हा प्रकार होय. बहुसंख्य व्यक्तींना अशा पिशव्या असूनही आयुष्यभर कोणताच त्रास होत नाही. एखाद्या पिशवीस सूज आली किंवा तिच्यालगतची रक्तवाहिनी फुटली, तरच उपचारांचा प्रश्न उद्भवतो.

पाश्चात्त्य देशांत हा विकार प्रामुख्याने आतड्याच्या डाव्या भागात दिसतो. आशियाई देशांत उजव्या भागातही तो तुलनेने अधिक आढळतो. त्यामुळे त्याचे दुखणे कधी कधी अपेंडिक्सच्या दुखण्यासारखेच भासते.

पेंटर व बर्किट ह्या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९७१ साली ह्या विकाराचा संबंध कोंडा व चोथा नसलेल्या आहाराशी जोडला. आनुवंशिकता, स्थूलता, धूम्रपान व व्यायामाचा अभाव हीदेखील कारणे असल्याचे आज मानले जाते. दाणे वा बिया पिशवीत अडकतात, म्हणून त्या वर्ज्य कराव्यात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तथापि अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचे १८ वर्षे निरीक्षण करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ह्या समजुतीस आधार मिळाला नाही.

रुग्णालयातील उपचार

सूज किती आहे व ती कोठवर पसरली आहे, हे सी.टी. स्कॅनने सर्वांत स्पष्टपणे कळते. उपचारांची पायरी त्यावरूनच ठरते.

सौम्य सुजेत विश्रांती, पातळ आहार व वेदनाशामक औषध एवढे बहुधा पुरते. पूर्वी अशा प्रत्येक रुग्णास प्रतिजैविके दिली जात. स्वीडन व आइसलँड येथील २०१२ सालच्या आणि नेदरलँड्समधील २०१७ सालच्या चाचण्यांनंतर, निवडक सौम्य रुग्णांत त्यांची गरज नसते, हे मान्य झाले आहे. परंतु तीव्र ताप वा सतत उलट्या असल्यास, तसेच मधुमेही, अतिवृद्ध किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांना दाखल करून शिरेतून औषधे देणे इष्ट असते. स्टिरॉइडमुळे दुखणे झाकले जाते आणि आजार वरवर पाहता सौम्य वाटतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

आतड्याबाहेर पू साचून मोठे गळू झाल्यास सोनोग्राफी वा सी.टी.च्या साहाय्याने त्वचेतून बारीक नळी घालून पू काढता येतो. त्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया अनेकदा टळते.

पिशवी फुटून पू किंवा मळ उदरपोकळीत पसरला, तर मात्र विलंब प्राणघातक ठरतो. अशा वेळी आतड्याचा बाधित भाग काढून वरचे टोक पोटावर आणले जाते व शौच बाहेरील पिशवीत जमा होते. फ्रेंच शल्यचिकित्सक हार्टमन ह्यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते. प्रकृती स्थिर असल्यास दोन्ही टोके त्याच वेळी जोडणेही शक्य असते.

रक्तस्राव हे ह्या विकाराचे दुसरे गंभीर रूप आहे. बहुतेक रुग्णांत तो आपोआप थांबतो. न थांबल्यास रक्त देणे आणि दुर्बिणीद्वारे किंवा रक्तवाहिनीतून तो रोखणे आवश्यक ठरते. अॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास कुटुंबीयांनी ती डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता

पोटदुखीबरोबर ताप असेल, पोट कडक झाले असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर घरच्या घरी जुलाब, एनिमा वा वेदनाशामक गोळ्या देऊन वाट पाहू नये. सूज उतरल्यानंतर साधारणतः ६ ते ८ आठवड्यांनी, पूर्वी झालेली नसल्यास, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, कारण कर्करोगाची लक्षणेही अशीच असू शकतात. बरे झाल्यावर भाकरी, डाळी, भाज्या व फळे आहारात हळूहळू वाढवावीत, पुरेसे पाणी प्यावे आणि नियमित चालावे.

पोटावर पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णास सर्वाधिक गरज असते ती धीराची. पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पुन्हा जोडता येते; काहींना मात्र वय वा अन्य आजारांमुळे ते शक्य होत नाही. पिशवी बदलण्यास शिकलेली मुलगी, सून वा मुलगा घरात असेल, तर तो मधला काळ सुसह्य होतो.

समाजाचा सहभाग

बहुतेक रुग्णांना ह्या विकारात थोड्याच उपचारांची गरज असते. मोजक्या रुग्णांना मात्र एकाच रात्री सी.टी. स्कॅन, रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग हे सारे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी असतात आणि निर्धन रुग्ण निधीतून त्यांच्या उपचारांचा भार उचलला जातो. परंतु घरी गेल्यावर महिनोन्‌महिने लागणाऱ्या पिशव्या व दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा बुडणारी रोजी ह्यांचे ओझे गरीब कुटुंबास पेलवत नाही. केवळ पैशाअभावी दुसरी शस्त्रक्रिया लांबणीवर पडू नये, ह्यासाठी आपल्या देणगीचे मोल फार मोठे आहे.