सावलीचा आठवडा

"सूर्य डोक्यावर केव्हा येतो?" पाचवी-सहावीच्या वर्गाला हा प्रश्न विचारून पाहा. "दुपारी बारा वाजता!" असे एकसुरात उत्तर येईल. जळगावच्या मुलांसाठी हे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकते. येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. शिवाय येथील मध्यान्ह कोणत्याच दिवशी घड्याळातल्या बाराला होत नाही. पण हे सांगून टाकू नका. मुलांनाच शोधू द्या.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, जुलैत आकाशात ढग असतात. म्हणून २३ सप्टेंबरच्या आसपासचा आठवडा निवडावा. साहित्य साधेच आहे: एक सरळ काठी, वाळूने भरलेली बादली, शिंप्याची टेप, खडू आणि दोरीला दगड बांधून केलेला ओळंबा. सपाट जागी काठी अशी रोवा, की तिचे टोक जमिनीपासून बरोबर १ मीटर उंच राहील. ती चारही बाजूंनी ओळंब्यात आहे ना, हे मुलांनी तपासावे. सूर्याकडे पाहायचे नाही, सावलीकडेच पाहायचे, हे आधी बजावावे.

सोमवारी ११.५५ पासून १२.४५ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करून लांबी लिहावी. बारा वाजले तरी सावली नाहीशी होत नाही, उलट त्यानंतरही ती आखूडच होत जाते, हे पाहून मुले चकित होतील. सर्वांत आखूड सावली १२.२० च्या सुमारास मिळते. असे का? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर. सूर्याला १ अंश सरकायला ४ मिनिटे लागतात, म्हणून ७ अंशांची २८ मिनिटे. या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या साधारण ७ मिनिटे पुढे असतो, तेवढी वजा करा. धुळ्याच्या एखाद्या शाळेने हाच प्रयोग केला, तर तिथली मध्यान्ह सुमारे ३ मिनिटे उशिरा येईल. दोन्ही वर्गांनी पत्राने आकडे कळवावेत. खडूच्या खुणा जोडल्या तर जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

मंगळवारपासून रोज मध्यान्हीची एकच नोंद पुरे. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून त्या दिवशी चार मुलांनी थांबावे. ढग आले तर तक्त्यातील घर रिकामे ठेवावे. अंदाजाने भरू नये.

हा प्रयोग एका दिवसात का संपत नाही? सूर्य हा बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीची कड सुमारे १ सेंटीमीटर अंधूक असते. सावली मात्र रोज ८ मिलिमीटरच वाढते. दोन दिवसांतला फरक त्या अंधूकपणात हरवतो. शनिवारपर्यंत वाढ ४ सेंटीमीटर झालेली असते, ती कोणालाही नाकारता येत नाही.

शुक्रवारी वहीत त्रिकोण काढावा. काठी १० सेंटीमीटर आणि सावली त्याच प्रमाणात. काठीच्या टोकाशी काठी व किरण यांमधील कोन कोनमापकाने मोजावा. २३ तारखेच्या सुमारास सावली ३८ सेंटीमीटरांच्या आसपास असते आणि कोन २१ अंश येतो. आता नकाशासंग्रह उघडा. जळगावचा अक्षांश? तोही २१! त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो. आपण तेथून जितके अंश उत्तरेला, तितकाच तो आपल्या डोक्यावरून दक्षिणेला ढळलेला दिसतो.

येथे शिक्षकांची कसोटी आहे. उत्तर आधी सांगितले, तर मुले टेप थोडी ओढून ३८ च लिहितील. एखाद्या गटाला ४१ मिळाले तर खोडू नका. विचारा, काठी कलली होती का, जमीन उताराची होती का, घड्याळ मागे होते का? बारालाच मोजले तरी सावली १ सेंटीमीटर जास्त भरते. चूक कुठे झाली हे शोधणाऱ्या गटाने बाकीच्यांपेक्षा जास्त विज्ञान केलेले असते.

हे मोजमाप खानदेशाला परके नाही. विषुवदिनी मध्यान्हीला १२ अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते, तिला आपले जुने ज्योतिषी 'पलभा' म्हणत. जळगावची पलभा सुमारे ४.६ अंगुळे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त छायेच्या गणितांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्याची नोंद करणारा इ.स. १२०७ चा शिलालेख तेथे सापडला आहे. आपल्या वर्गाने मोजलेली सावली १२ अंगुळांच्या हिशेबात बसवा, आणि पलभा किती येते ते मुलांनाच काढू द्या.