समजून घ्या : सपाट काचेवर उठावदार नक्षी कशी येते? भट्टी तापवण्याइतकेच ती थंड करणेही महत्त्वाचे

सोलापूर : एकरंगी सोलापुरी टर्किश टॉवेलवर हात फिरवला तरी नक्षी बोटांना कळते. कुठे धाग्यांचे लूप उभे, कुठे वीण सपाट, एवढाच फरक. काचेवरही रंगाशिवाय अशी नक्षी उमटवता येते. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर अर्ध्या मिनिटात संपतात, प्रत्यक्षात मात्र भट्टी बारा-पंधरा तास चालते. हा वेळ कशासाठी लागतो?

भट्टीत काच पूर्ण वितळवतात का?

नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये सुरू झालेला पैसा फंड काच कारखाना किंवा 'प्रभाकर' कंदिलासाठी ओळखला गेलेला कराडजवळचा ओगलेवाडीचा कारखाना, अशा ठिकाणी कच्च्या मालापासून काच बनत असे. त्यासाठी सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. इथे तयार काच विजेच्या भट्टीत ठेवून फक्त मऊ करतात. खिडकीची काच ७०० अंशांच्या आसपास वाकू लागते. ८०० अंशांच्या पुढे ती खालच्या वस्तूचा आकार घेते.

नक्षीच्या तीन पद्धती कोणत्या?

• खालून ठसा : उष्णता सहन करणाऱ्या सिरॅमिक फायबर पेपरचे आकार कापून भट्टीच्या फळीवर मांडतात आणि त्यावर काच ठेवतात. मऊ झालेली काच आकारांभोवती बसते.

• वरून उठाव : काचेवर काचेचेच तुकडे ठेवतात. ते चिकटतात, कडा गोलसर होतात, पण पूर्ण सपाट होण्याआधीच तापवणे थांबवतात.

• काचेचा चुरा : कमी तापमानाला साखरेसारखा खरखरीत पोत मिळतो. तापमान वाढवले की तो गुळगुळीत होतो.

मग काच तडकते का?

काच थंड होताना आकसते. बाहेरचा भाग आधी आणि आतला नंतर थंड झाला, तर आत ताण अडकतो. म्हणून खिडकीची काच ५५० अंशांच्या आसपास काही काळ स्थिर ठेवतात आणि नंतर हळूहळू थंड करतात. नक्षीमुळे जाडी कमी-जास्त असेल, तर वेळ आणखी वाढवावा लागतो. घाईने झाकण उघडले, तर काच लगेच किंवा काही दिवसांनीही तडकू शकते.

घरातली कोणतीही काच चालेल का?

नाही. १०० अंश तापमान वाढले की खिडकीची एक मीटर काच सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, तर प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच सुमारे ०.३ मिलिमीटर. अशा दोन काचा जोडल्या की तडा ठरलेलाच. खिडकीच्या दोन वेगळ्या काचाही जुळतीलच असे नाही. त्यामुळे एकाच शीटचे तुकडे वापरणे सुरक्षित. आरसा आणि गाडीची पुढची काच टाळावी. आरशावर लेप असतो, तर गाडीच्या काचेत प्लॅस्टिकचा थर.

काळजी काय घ्यावी?

स्वयंपाकाचा गॅस किंवा ओव्हन यासाठी अजिबात वापरू नये. फायबर पेपर आणि काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते. एन-९५ मास्क लावावा आणि धूळ न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. पहिला प्रयोग तळहाताएवढ्या तुकड्यावरच करावा.