७४१ आणि माझी चौकोनी लाट

यवतमाळच्या उन्हात ब्रेडबोर्डसुद्धा तापतो, आणि त्यात माझी प्रॅक्टिकलची परीक्षा! इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर लावला: पिन २ ला १ किलोओहममधून अर्ध्या व्होल्टची साइन, पिन ३ ग्राउंडला, पिन ६ वरून १० किलोओहम परत पिन २ ला. दहापट, म्हणजे ५ व्होल्टची उलटी साइन यायला हवी. आली चौकोनी लाट, १३-१४ व्होल्टची! एक्स्टर्नल म्हणाले, "काहून बरं असं?" मी गप्प.

१९६८ साली फेअरचाइल्डने आणलेल्या या ७४१ चा स्वतःचा गेन सुमारे २ लाख. दोन इनपुटांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी त्याला २०० व्होल्ट द्यायचे असतात. पण सप्लाय अधिक-उणे १५ चा! मग तो टोकाला जाऊन चिकटतो. १० किलोओहमचा रेझिस्टर आउटपुटचा थोडा वाटा मागे आणतो आणि तो फरक जवळजवळ शून्यावर धरून ठेवतो. म्हणून गेन ७४१ वर नाही, १० भागिले १ यावर ठरतो. (मेसच्या भाजीतल्या तिखटालाही असा फीडबॅक हवा!)

माझ्या रेझिस्टरचा एक पाय भोकात बसलाच नव्हता. दाबला, साइन आली. व्हायव्हात मात्र पिन १ आणि ५ विचारल्या; त्या ऑफसेट नलच्या, हे काही केल्या आठवलं नाही.