गंजिफाच्या पानांची पारख

शिरोड्याच्या जुन्या घरात माळ्यावरच्या पेटीत गोल, रंगवलेली खेळायची पानं सापडली, तर ती सावंतवाडीची गंजिफा असू शकते. दशावतारी संचात १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. आधी ती मोजा. संच अपुरा असेल तर भाव एकदम उतरतो.

मग पानं उलटी करा. खरी चुगली पाठच करते. खेळताना पान ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या पाठी एकाच रंगाच्या असतात. हरवलेल्या पानाच्या जागी मागाहून नवं घातलं असेल, तर तिथे छटा बदलते. आता पान आडवं धरून बाजूने बॅटरीचा उजेड टाका: लाखेतले बारीक तडे, उडालेले पोपडे, वरून मारलेला रंग उठून दिसतो. नैसर्गिक लाख अतिनील दिव्याखाली नारिंगी झाकही दाखवते. झिजलेल्या कडा मला आवडतात, पानं खेळली गेली म्हणायची. बाजार मात्र इतका हळवा नाही.

वयाबद्दलही सावध राहा. राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. ‘आजोबांच्या वेळची’ पानं त्यानंतरचीही निघू शकतात.

आपली खारी, दमट हवा वाईटच. ओल शोषून कागद फुगतो, लाख तेवढी ताणली जात नाही आणि तडकते. पानं कोरड्या डब्यात ठेवा, आणि स्पिरिटचा बोळा तर मुळीच फिरवू नका. लाख त्यात विरघळते.