प्रसूत्युत्तर विषाद आणि उपचारकाचा शोध

बाळंतिणीच्या शरीराची काळजी कशी घ्यावी याविषयीची मराठी परंपरा पुष्कळच तपशीलवार आहे. शेक-शेगडी, काढे, डिंकाचे व अळिवाचे लाडू, सव्वा महिन्याचा विसावा या सर्वांची त्यात नेमकी योजना आहे. या परंपरेत मनाचा विचार मुळीच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी यावे या रूढीत तो अप्रत्यक्षपणे आलेलाच आहे. परंतु प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी जिचे मन खचू लागते तिने कोणाकडे जावे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेपाशी नाही. आधुनिक वैद्यकापाशी ते आहे. मात्र ते हाती लागण्याची वाट सरळ नाही.

प्रथम तीन अवस्था परस्परांपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास अकारण रडू येणे, मन हळवे होणे हा बहुसंख्य स्त्रियांचा अनुभव असून दोन आठवड्यांच्या आत तो आपोआप ओसरतो. त्यास उपचाराची नव्हे, विश्रांतीची व आपुलकीची गरज असते. याच्या दुसऱ्या टोकास प्रसूत्युत्तर उन्माद आहे. हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांस तो होतो. झोप पूर्णपणे उडणे, भ्रम, भास, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. येथे उपचारक निवडीत बसण्यास अवसर नसतो. स्त्रीस त्याच दिवशी रुग्णालयात नेणे अवश्य असते. विषाद या दोहोंच्या मधला आहे, आणि मधला असल्यामुळेच तो नजरेतून निसटतो. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकते, बाळ निजले तरी आईस झोप लागत नाही, कशातच गोडी वाटत नाही, आपण आई होण्यास अपात्र आहोत असा विचार पाठ सोडीत नाही. पुष्कळ स्त्रिया याचे वर्णन मनाच्या भाषेत न करता अंगदुखी, थकवा व डोके जड होणे या शब्दांत करतात, आणि ऐकणारेही ते बाळंतपणाचे दुखणे म्हणून सोडून देतात.

हा विकार पाश्चात्त्य अथवा नागर स्त्रियांपुरता मर्यादित आहे अशी जी समजूत आढळते, ती गोव्यातील एका अभ्यासाने निराधार ठरविली आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत विषाद आढळला. दारिद्र्य व दांपत्यसंबंधातील कलह ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. जन्मलेले अपत्य मुलगा की मुलगी याचाही परिणाम दिसून आला. उपचारकाच्या शोधाच्या दृष्टीने मात्र या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. विषादग्रस्त मातांपैकी ७८ टक्के स्त्रियांस गर्भारपणातच लक्षणीय मानसिक त्रास होत होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे हा शोध प्रसूतीनंतर नव्हे, नाव नोंदविण्याच्या वेळीच सुरू व्हावयास हवा. ज्या स्त्रीस पूर्वी विषाद होऊन गेला आहे तिच्या बाबतीत तर निश्चितच.

शोधाची पहिली पायरी बहुधा मानसोपचारज्ञाची नसते. बाळाच्या लसीकरणासाठी माता सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आरोग्यकेंद्रात येतेच. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या नवजात-शुश्रूषेच्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या राष्ट्रीय योजनेनुसार आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत अनेकदा घरी येते. या सर्व भेटींत बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. आईचे मन कसे आहे, हे विचारले जातेच असे नाही. ते विचारण्याचे साधन उपलब्ध आहे. कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एडिनबरो प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयीचे केवळ दहा प्रश्न असून एकूण गुण ३० आहेत. तिच्यावरून निदान होत नाही, तपासणीची गरज कळते. दहाव्या, म्हणजे स्वतःस इजा करण्याच्या विचारासंबंधीच्या प्रश्नास होकार मिळाल्यास बाकीच्या गुणांची बेरीज करीत बसू नये. त्याचबरोबर रक्तक्षय व अवटुग्रंथीचे विकार यांची तपासणीही करून घ्यावी, कारण त्यांची लक्षणे विषादाशी मिळतीजुळती असतात.

यानंतर प्रश्न येतो तो कोणत्या तज्ज्ञाचा. मानसोपचारज्ञ हा वैद्य असून औषध देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ संभाषणाच्या द्वारे उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्याची नोंदणी पाहता येते व ती अवश्य पाहावी. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र उत्तम शिक्षण असू शकते, तसेच चार दिवसांचा वर्गही असू शकतो. म्हणून शिक्षण कोठे झाले, बाळंतिणींवर उपचार केल्याचा अनुभव किती, कोणती पद्धती वापरली जाते, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच बाळगू नये. विचार-वर्तन चिकित्सा व आंतरवैयक्तिक चिकित्सा या दोन्ही पद्धतींचा या विकारावरील उपयोग प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. दुसरी पद्धती भूमिका-बदल व नात्यांतील तणाव यांवर लक्ष केंद्रित करीत असल्याने बाळंतिणीच्या परिस्थितीस विशेष अनुरूप ठरते. जो उपचारक बाळास मांडीवर घेऊन बसू देत नाही किंवा सासूच्या देखतच सर्व काही विचारतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा न गेलेले बरे.

येथे एक खास मराठी अडचण आहे. उपचार माहेरी सुरू होतो आणि तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतीण सासरी जातात; उपचाराचा धागा तेथेच तुटतो. दूरध्वनीवरून भेटी चालू ठेवण्यास तयार असलेला, अथवा सासरच्या गावातील सहव्यवसायिकास टिपण पाठविणारा उपचारक आरंभीच निवडला, तर ही हानी टळू शकते.

औषधाविषयीच्या भीतीने अनेक कुटुंबे मानसोपचारज्ञास टाळतात. वस्तुतः सर्ट्रालीनसारख्या औषधाचा अत्यल्प अंश दुधात उतरतो, आणि स्तनपान चालू ठेवून ते देता येते. मात्र पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले असल्यास ते डॉक्टरांस आधी सांगणे आवश्यक आहे, नाहीतर केवळ विषादाचे औषध अपाय करू शकते.

तालुक्याच्या गावी यांपैकी कोणीच नसेल तर? अतीफ रहमान यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला रावळपिंडीच्या ग्रामीण भागातील प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकडून गृहभेटींतून संभाषण-चिकित्सा देण्यात आली. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या मातांत विषादाचे प्रमाण २३ टक्के, तर इतरांत ५३ टक्के राहिले. शेजारणी-पाजारणींकडून हेच कार्य करवून घेण्याचा गोव्यातील पुढील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे यश तुलनेने माफक होते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. तूर्त गावातील स्त्रीस जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ‘टेलिमानस’ ही चोवीस तासांची दूरध्वनी सेवा (१४४१६) हे दोन मार्ग आहेत. सेवेवर मराठीत बोलता येते.

रुग्णालयात राहण्याची वेळ आल्यास बाळाचे काय, हा प्रश्न आईस सर्वांत अधिक छळतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ सालापासून माता व बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या तीन वर्षांखालील मुलास सामान्यतः तिच्यापासून विलग करता येत नाही. बाळाला धोका असल्यास तात्पुरते विलग करण्याची मुभा आहे, परंतु तेव्हाही आईची व बाळाची भेट देखरेखीखाली घडविणे बंधनकारक आहे.