कमावणारे वेगळे, वाटणारे वेगळे

कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांची ओळख करून दिलेली असते. ती सहसा कोणी वाचत नाही. पदवी, आधीची नोकरी, आणखी कुठल्या मंडळांवर आहेत. सगळं एकाच छापाचं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ङाय ताहू होल्डिंग्ज या कंपनीच्या बाबतीत मात्र तिथे थोडं थांबायला हवं. ही गुंतवणूक कंपनी ङाय ताहू या माओरी जमातीच्या मालकीची आहे. तिच्याकडे घरबांधणी, मासेमारी, पर्यटन, शेती, जंगल असे व्यवसाय आहेत. ती चालवणारे कुठून आले, हे समजायचं तर आधी तिचं भांडवल कुठून आलं ते पाहावं लागतं.

1844 ते 1864 या वीस वर्षांत ब्रिटिश सरकारने दहा खरेदीखतांमधून ङाय ताहूंची जवळजवळ सगळी जमीन घेतली. 1848 मध्ये हेन्री केम्प या अधिकाऱ्याने कँटरबरीचा अफाट मुलूख घेतला, तोही फक्त 2,000 पौंडांना. जमातीसाठी पुरेशी जमीन राखून ठेवू, असं तोंड भरून सांगितलं गेलं आणि ते पाळलं गेलं नाही. पुढच्याच वर्षी मातिआहा तिरामोरेहू यांनी लेखी तक्रार केली. ती तक्रार पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. 1986 मध्ये ती माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणापुढे गेली, 1991 मध्ये निकाल बहुतांशी जमातीच्या बाजूने आला, आणि 1998 मध्ये संसदेने तडजोडीचा कायदा केला. भरपाई ठरली 17 कोटी न्यूझीलंड डॉलर. गेलेल्या जमिनीच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती आणि वाटाघाटी करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पैशाइतकंच महत्त्व त्यांनी अटींना दिलं. एक अट अशी, की जमातीच्या मुलखात सरकार आपली ठरावीक मालमत्ता विकायला काढेल तेव्हा पहिला प्रस्ताव ङाय ताहूंना द्यायचा. दुसरी अट, भरपाईच्या रकमेतून सरकारच्याच काही इमारती आणि जंगलाखालच्या जमिनी निवडून विकत घेता याव्यात. त्यातल्या काही इमारती सरकारलाच भाड्याने दिल्या गेल्या. ज्याने जमीन नेली त्याच्याकडूनच दरमहा भाडं! तिसरी अट तर फारच दूरदृष्टीची. देशभरच्या अशा भरपायांची एकूण रक्कम 1994 च्या किमतीने 100 कोटी डॉलरच्या वर गेली, की ङाय ताहूंना वरच्या रकमेच्या 16.1 टक्के मिळत राहणार. 2012 मध्ये ती मर्यादा ओलांडली गेली आणि हे कलम लागू झालं.

या अटी मिळवणाऱ्या गटाचे म्होरके होते सर टिपेने ओ’रीगन. पेशाने शिक्षक. वेलिंग्टनच्या अध्यापक महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं, आणि जमातीच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास दांडगा. पहिल्या पिढीचा नेता इतिहासाचा माणूस असणं मला स्वाभाविक वाटतं, कारण त्या वेळचा सगळा व्यवसाय म्हणजे जुनी खतं, नकाशे आणि कोणी काय कबूल केलं होतं याचा पुरावा.

पैसा हातात आल्यावर प्रश्न बदलला. आता तो वाढवायचा होता आणि वाटायचाही होता. ङाय ताहूंनी ही दोन कामं दोन वेगळ्या मंडळांकडे दिली. तडजोडीआधीच, 1996 च्या कायद्याने ‘ते रूनांगा ओ ङाय ताहू’ ही जमातीची मध्यवर्ती परिषद उभी राहिली होती. ठिकठिकाणच्या 18 रूनांगा, म्हणजे स्थानिक पंचायतींकडून, एकेक प्रतिनिधी तिथे येतो. होल्डिंग्जचं संचालक मंडळ ही परिषद नेमते. व्यवहार मंडळाने करायचा आणि नफ्यातला ठरलेला हिस्सा दरवर्षी परिषदेकडे द्यायचा. तो शिक्षण, भाषा, पंचायतींची कामं यांवर कसा खर्च करायचा, हे परिषद ठरवते.

ही विभागणी किती मोलाची, हे उत्तर बेटावरच्या ताइनुई जमातीने दाखवून दिलं. 1995 मध्ये त्यांनाही 17 कोटी डॉलर मिळाले होते. सुरुवातीच्या काही गुंतवणुकी फसल्या. त्यांत ऑकलंडच्या वॉरियर्स या रग्बी लीग संघातली भागीदारीही होती. मोठा तोटा झाला, आणि पुढे त्यांनीही व्यवसायाची स्वतंत्र कंपनी नीट बांधून घेतली.

या रचनेमुळे नेत्यांच्या दोन जाती तयार झाल्या. परिषदेवर येणाऱ्याला पदवी विचारली जात नाही, आपल्या पंचायतीचा विश्वास लागतो. सर मार्क सोलोमन हे कायकौरा इथल्या पंचायतीचे, फाउंड्रीत काम केलेले. 1998 ते 2016 एवढा काळ ते परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर आलेल्या लिसा तुमाहाय पश्चिम किनाऱ्यावरच्या ङाती वाएवाए पंचायतीतून वर आल्या. होल्डिंग्जच्या मंडळावर मात्र ताळेबंद वाचणारी माणसं हवीत, आणि ती जमातीतलीच असावीत असा हट्ट धरलेला नाही. ट्रेव्हर बर्ट यांनी होल्डिंग्जचं अध्यक्षपद सांभाळलं. त्याआधी ते लिंडे या जर्मन औद्योगिक वायू कंपनीच्या कार्यकारी मंडळावर होते. कायकौराची व्हेल वॉच ही देवमासे दाखवणारी कंपनी चालवलेले वॉली स्टोन हेही एके काळी अध्यक्ष होते. मुख्य कार्यकारी झालेल्या माइक पोहियो यांची वाट आणखी मजेशीर. ते स्वतः ङाय ताहू, पण त्याआधी तोट्यातून सावरलेल्या ताइनुईच्या कंपनीचे प्रमुख होते. वीस-पंचवीस वर्षांत जमातींच्या कंपन्यांनी आपसात माणसांची देवाणघेवाण करावी इतका अनुभव साठला, हे मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा बोलकं वाटतं.

सभासदांच्या हाती थेट काय पडतं? नोंदणी झालेले सभासद 80 हजारांच्या आसपास आहेत. 1848 मध्ये हयात असलेल्या पूर्वजांच्या यादीवरून वंश ठरतो. शेअर बाजारातल्यासारखा लाभांश त्यांना मिळत नाही. 2006 पासून ‘फाय रावा’ ही बचत योजना आहे. सभासदाने बचत केली की परिषद त्यात भर घालते, आणि ते पैसे मुख्यतः शिक्षण, पहिलं घर किंवा निवृत्ती यांसाठी काढता येतात.

दोन मंडळं असली म्हणजे सगळं सुरळीत होतं असं नाही. कँटरबरीतल्या आयरवेलच्या जंगलाची जमीन ङाय ताहूंकडे आली. तिथली झाडं काढून कंपनीने दुग्धशेती उभी केली. व्यवहार म्हणून निर्णय समजण्यासारखा होता, कारण त्या मैदानी भागात दुधाचा धंदा जोरात होता. पण गाईंमुळे जमिनीत मुरणारं नायट्रेट आणि आटणाऱ्या नद्या हा कँटरबरीचा जुना दुखरा प्रश्न आहे, आणि म्हणून या निर्णयावर टीका झाली. नद्या आणि तळी ही जमातीची अन्न गोळा करायची ठिकाणं. 2020 मध्ये परिषदेच्या नेत्यांनी गोड्या पाण्यावरचा आपला अधिकार मान्य व्हावा म्हणून सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. म्हणजे एका हाताला गोठे, दुसऱ्या हाताला नदीचा दावा. किती गाई ठेवल्या तर शेत परवडतं, हे लिंडेमधून किंवा बँकेतून आलेला संचालक अचूक सांगू शकेल. नदी किती सोसेल, हे तिच्या काठच्या पंचायतीला विचारावं लागतं, आणि संचालकांच्या नेमणुका तिचा प्रतिनिधी जिथे बसतो त्या परिषदेच्या हाती आहेत.