मागच्या दारचा कडीपाट

तीन कागद होते. पहिल्यावर ८,९०० डॉलर, दुसऱ्यावर १२,४००, तिसऱ्यावर १६,७००. काम एकच, घराच्या मागच्या दारापुढे सोळा फूट बाय बारा फुटांचा लाकडी डेक. मुलगी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हे कागद आमची वाटच बघत होते.

"बाबा, तुमचा जन्म यात गेला. यातला बरोबर आकडा कुठला?"

मी कागद उलटसुलट करून पाहिले. प्रत्येकावर एक ओळ, एक आकडा, खाली सही. सातारला बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं अंदाजपत्रकं केली. मोरीचं असो की विश्रामगृहाचं, मोजमापाशिवाय आकडा लिहिला तर कागद तोंडावर परत यायचा. "यातला एकही नाही," मी म्हटलं. "यात मोजमापच नाही."

जावयांनी चौकोनी रेघांची वही आणि टेप पुढे केला, म्हणजे काम माझ्या गळ्यात पडलं.

डेक म्हणजे काय हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. माझं लहानपण वाड्यात गेलं. माडीवर कोणी चाललं की खाली ताटात माती पडायची, कारण डोक्यावर कडीपाट होता. भिंतीपासून तुळईपर्यंत ओळीने कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. डेक म्हणजे माती न घातलेला, उघड्यावर मांडलेला कडीपाट. एका बाजूला घराच्या भिंतीला बोल्टने आवळलेली आडवी फळी, दुसऱ्या बाजूला खांबांवर तुळई, मध्ये कड्या, वर फळ्या. वाड्यातला कडीपाट कधी भिजला नाही, हा मात्र बारा महिने पावसात आणि बर्फात पडून राहणार. अर्धा खर्च या भिजण्यापायी होतो.

जावई आयटीतले, त्यांनी आधीच गणित मांडून ठेवलं होतं. फळी सहा इंच रुंद, डेक बारा फूट खोल म्हणजे १४४ इंच, भागाकार २४. चोवीस फळ्या. मी दुकानात जाऊन फळीला टेप लावला, साडेपाच इंच भरली. सहा हे तिचं नाव, माप नव्हे. तिकडे लाकडाचं असंच असतं. 'टू बाय फोर' म्हणून जो वासा विकतात तो दीड इंच बाय साडेतीन भरतो. लाकूड ओलं, खरबरीत कापलेलं असतानाचं ते नाव, वाळवून आणि रंधून जे उरतं ते हाती येतं. नावाच्या आणि खऱ्या छेदाचं प्रमाण काढलं तर दर शंभरात साडेपासष्टच्या आसपास लाकूड मिळतं. यात फसवणूक नाही, सगळ्या सुतारांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते गिऱ्हाइकाला.

आपल्या वखारीत याच्या उलट आहे. गोल ओंडका मोजायचा तर घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. चार फूट घेर, दहा फूट लांबी, म्हणजे १० घनफूट. खरं घनफळ काढलं तर पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातं. वरचे पावणेतीन फूट करवतीच्या भुशात आणि साल-सपट्यात जाणार म्हणून मोजमापातच सोडून दिलेले असतात. तिथे नाव मोठं आणि माल कमी, इथे माप कमी आणि माल जास्त. तिकडे लाकूड 'बोर्ड फूट'मध्ये मोजतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, असे बारा झाले की आपला एक घनफूट.

तर फळ्या. साडेपाच इंच फळी आणि पाणी निथळायला सुताराने ठेवलेली एक अष्टमांश इंचाची फट धरली की १४४ इंचांत सव्वीस फळ्या बसतात. जावयांचा हिशोब दोन फळ्यांनी कमी भरत होता. त्यात गाठीच्या, वाकड्या निघणाऱ्या फळ्यांची दहा टक्के घट धरायची, म्हणजे २९. तिरप्या बसवायच्या असत्या तर घट पंधरा टक्के झाली असती. कड्या मध्य ते मध्य सोळा इंचांवर. सोळा फुटांचे १९२ इंच, त्याला सोळाने भाग दिला की बारा आणि शेवटची एक, तेरा. प्रत्येक फळी तेरा कड्यांवरून जाते, दर कडीला दोन स्क्रू, सव्वीस फळ्या. ६७६ स्क्रू! तिकडचे सुतार शंभर चौरस फुटाला साडेतीनशे स्क्रू असा ठोकताळा धरतात. आमचा डेक १९२ चौरस फूट, त्या हिशोबाने ६७२. चार स्क्रूंचा फरक बघून मला जो आनंद झाला तो बायकोला समजावून सांगता आला नाही.

डेक सोळा बाय बाराचाच का, असं तिने विचारलं. कारण लाकूड तिथे आठ, दहा, बारा, चौदा, सोळा फुटांत मिळतं. तेरा फूट खोल डेक मागितलात की चौदा फुटी कड्या घ्याव्या लागतात आणि प्रत्येकीचा एक फूट कापून फेकावा लागतो. शेजाऱ्याच्या पंधरा बाय तेराच्या डेकमागे फुटाफुटाच्या ठोकळ्यांचा ढीग पडलेला होता.

आता खड्डे. या आयटमवर मी दोन संध्याकाळी घालवल्या.

जमीन गोठते हे सातारच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. तिथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचा पाया उचलून धरतं, वसंतात वितळलं की पाया खाली बसतो. दोन-चार हिवाळ्यांत खांब कलतात. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. मुलीच्या गावात ही खोली छत्तीस इंच. खोली ठरली, रुंदी किती? तुळईखाली तीन खांब. मधल्या खांबावर आठ फूट बाय सात फूट, म्हणजे छप्पन्न चौरस फुटांचा भार. माणसं, खुर्च्या, बर्फ मिळून चाळीस आणि लाकडाचं स्वतःचं दहा, असे दर चौरस फुटाला पन्नास पौंड धरायचे. २,८०० पौंड झाले. साध्या मातीची ताकद चौरस फुटाला १,५०० पौंड धरली तर खाली पावणेदोन-दोन चौरस फुटांची बैठक हवी, म्हणजे वीस इंच व्यासाची. तळाला वीस इंचांची फूटभर जाड बैठक, त्यावर बारा इंचांच्या पुठ्ठ्याच्या नळीत ओतलेला अडीच फुटांचा स्तंभ, थोडा जमिनीवर आलेला. एका खड्ड्याला सव्वाचार घनफुटांच्या आत-बाहेर काँक्रीट.

"एका खड्ड्याला एक पिशवी पुरेल ना?" जावयांनी विचारलं होतं. तिथे ऐंशी पौंडांच्या तयार कोरड्या मिश्रणाच्या पिशव्या मिळतात, पाणी घातलं की काँक्रीट. मोठी दिसणारी ती पिशवी भरते ०.६ घनफूट. एका खड्ड्याला सात, तीन खड्ड्यांना एकवीस, जिन्याच्या पायथ्याला दोन.

खोदण्याआधी तिथे ८११ हा नंबर फिरवावा लागतो. पैसे पडत नाहीत. काही दिवसांत माणसं येऊन जमिनीखालून काय जातं ते गवतावर रंगाने आखून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, केशरी टेलिफोन-केबल. आमचा तिसरा खड्डा पिवळ्या रेघेच्या दोन फुटांवर आला म्हणून तुळई थोडी सरकवली. नगरपालिकेचा निरीक्षक काँक्रीट ओतण्याआधी खड्डे बघायला आला आणि त्याने सगळ्यात आधी टेपच काढला. एक खड्डा चौतीस इंच भरला. तो काही बोलला नाही, नुसता टेप तिथेच धरून उभा राहिला. जावयांनी कुदळ घेतली. माझ्या नोकरीत असे साहेब फार थोडे भेटले.

लाकूड कुठलं, यावर घरात वाद झाला. मुलीला साग हवा होता. डेक हा मूळ जहाजावरचा शब्द, आणि जहाजाला साग हे समीकरण मुंबईइतकं कोणाला ठाऊक असणार? वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. सागाच्या अंगातच तेल असतं. न्यू जर्सीत मात्र मागच्या दारी साग घालणं म्हणजे अंगणात पैठणी अंथरणं. तिथे वापरतात दक्षिणेकडचा पाइन. स्वस्त, मजबूत, आणि उघड्यावर ठेवला तर लगेच कुजणारा. म्हणून त्याला दाबाखाली औषध पाजतात. पूर्वी त्या औषधात आर्सेनिक असायचं, २००४ पासून घरगुती कामाला ते बंद झालं आणि तांब्याचं प्रमाण वाढवलेली औषधं आली. तांबं साधा खिळा खातं. त्यामुळे स्क्रू, बोल्ट, कड्या अडकवायचे पत्र्याचे हँगर, सगळं जाड जस्त चढवलेलं किंवा स्टेनलेसचं घ्यावं लागतं. अंदाजपत्रकात 'खिळेमोळे' म्हणून एक ओळ खरडून सोडायची आपली सवय इथे नडते. आमच्या हिशोबात ती ओळ तीनशे डॉलरांच्या पुढे गेली. भिंतीला लागणारी फळी तर खिळ्यांवर ठेवायचीच नाही. अर्ध्या इंचाचे बोल्ट, आणि भिंत व फळी यांच्यामध्ये पाणी न जाऊ देणारी पत्र्याची पट्टी. डेक कोसळतात ते बहुधा याच सांध्यात.

कठड्याने मला बेसावध पकडलं. डेक जमिनीपासून तीस इंचांहून उंच असेल तर कठडा सक्तीचा, उंची छत्तीस इंच, आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. आमचं दार छत्तीस इंचांवर. तीन बाजू मिळून चाळीस फूट, जिन्याचे चार वजा करून छत्तीस. दर पाच इंचांना एक गज, म्हणजे ८६ गज. खांब, वरची-खालची पट्टी धरून हा कठडा फळ्यांच्या खर्चाजवळ पोचला. मी सुचवलं, दारातून एक पायरी उतरून डेक साडेअठ्ठावीस इंचांवर घ्या, कठडाच नको. हिशोब चोख होता. मुलीने खुर्चीवरून उडी मारायच्या तयारीत असलेल्या नातवाकडे बोट दाखवलं. कठडा राहिला.

त्यांच्या गावच्या दुकानातल्या तेव्हाच्या भावाने साहित्य करासकट २,८७० डॉलर झालं. मी दहा टक्के आकस्मिक धरले. पायाखाली दिसणाऱ्या, जिच्याबद्दल सगळे बोलतात त्या फळीचे त्यात ५२२, पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणूनच चौरस फुटाचा दर ऐकून मला राग येतो. डेक अर्धा केला तरी जिना तेवढाच, परवाना तेवढाच, निरीक्षकाच्या फेऱ्या तेवढ्याच.

भावही एका जागी थांबत नाहीत. करोनाच्या काळात गिरण्या थंडावल्या आणि घरी बसलेल्या अख्ख्या देशाला एकदम डेक हवासा झाला, तेव्हा साथीआधी हजार बोर्ड फुटांना चारशे डॉलरांच्या आसपास असलेला वायदेबाजारातला भाव मे २०२१ मध्ये सोळाशेच्या वर गेला. पुढे तो उतरला. जुन्या कागदावरचा दर पुढच्या उन्हाळ्यात वापरू नये, एवढं त्यातून मी वहीत टिपून ठेवलं.

वही घेऊन मुलीने तिघांना पुन्हा फोन केले. ८,९०० वाल्याच्या आकड्यात जिना नव्हता, परवानाही नव्हता. १२,४०० मध्ये सगळं होतं, पण खड्डे दोनच. १६,७०० वाला महाग वाटत होता, पण त्याने फळ्या भुसा आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या धरल्या होत्या. त्यांना दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी करावं लागत नाही. खालचा सांगाडा मात्र त्याच पाइनचा. त्याचा कागद वाईट नव्हता, फक्त त्यावर हे लिहिलेलं नव्हतं.

शेवटी खड्डे आणि काँक्रीट घरच्यांनी, साहित्य आपण आणायचं, आणि लाकूडकामाला मजुरीवर सुतार असं ठरलं. तो एक हाताखालचा मुलगा घेऊन चार दिवस राबला, ४,५०० घेतले. साहित्याहून मजुरी जास्त, हे गावाकडे कोणी ऐकून घेणार नाही.

माझी चूक मात्र सांगायला हवी. खात्यात 'लीड' नावाचा आयटम असतो, माल उतरवला तिथून कामापर्यंत वाहून न्यायचं अंतर. डोंगरातल्या कामांना मी तो कधी विसरलो नाही. इथे विसरलो. दुकानाच्या ट्रकने तेवीस पिशव्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि तो निघून गेला. दर पिशवी छत्तीस किलो. सव्वाआठशे किलोंहून जास्त माल, आणि मागचं अंगण घराला वळसा घालून दीडशे फुटांवर, ओल्या गवतातून. आभाळ भरून आलं होतं. जावई धावत जाऊन नव्वद डॉलरची एकचाकी हातगाडी घेऊन आले. दोघांनी मिळून अंधार पडेपर्यंत तेवीस खेपा केल्या. मी कठड्याच्या लाकडावर बसून त्या मोजल्या.

हातगाडी अजून गॅरेजमध्ये आहे. तळाशी काँक्रीटचा बोटभर थर घट्ट बसलाय, खरवडून निघत नाही. नातू त्यात गाड्या लावून ठेवतो.